भाचा मामावर जातो तेव्हा



सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. पायदळात नोकरी केली, आधी कंपनी सांभाळली, पुढे पलटण सांभाळली आणि निवृत्त झालो. असा माणूस औषधांवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या हातून एक चूक झाली होती आणि तिच्यामुळे मला हा विषय शिकावा लागला. चूक करत होतो तेव्हा मला ती शिस्त वाटत होती. म्हणून आधी ती सांगतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. माझी कंपनी ईशान्येत, जंगलातल्या एका चौकीवर होती. ज्यांनी तिकडे नोकरी केली आहे त्यांना माहीत आहे, तिथे गोळीपेक्षा डास जास्त माणसं आडवी करतो. अंधार पडायच्या आत बाह्या खाली, रात्री मच्छरदाणी, उघड्या हातापायांना डासांचं मलम. कंपनीत मलेरियाचे रुग्ण वाढले की जाब कंपनी कमांडरला विचारला जायचा. त्यामुळे गोळ्यांच्या बाबतीत मी फार कडक होतो.

एका जवानाला ताप आला. चंद्रपूरकडचा पोरगा, तेवीस-चोवीस वर्षांचा, गस्तीत सगळ्यात पुढे चालणारा. रक्ताची काच तपासून आली, व्हायवॅक्स मलेरिया. तीन दिवस क्लोरोक्विन झालं, ताप उतरला. मग चौदा दिवस प्रायमाक्विन, रोज १५ मिलिग्रॅम. आता इथे एक अडचण असते. ताप गेला की जवानाला वाटतं आपण बरे झालो, आणि तो पुढच्या गोळ्या खिशात घालतो. पण व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात. आठवड्यांनी, कधी महिन्यांनी बाहेर पडतात आणि पुन्हा ताप आणतात. दडलेल्या त्या जंतूंना मारणारी गोळी म्हणजे प्रायमाक्विन. म्हणून माझा हुकूम होता की गोळी नर्सिंग असिस्टंटसमोर गिळायची, आणि तोंड उघडून दाखवायचं.

पहिल्या दिवशी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "साहेब, ही गोळी मले सोसन का नाही माहीत नाही. माझ्या मामाले मलेरियात अशीच गोळी देल्ली होती. लघवी काळी झाली होती त्याची. मरता मरता वाचला."

मी काय म्हणालो ते मला शब्दाशब्दानं आठवतं. म्हणालो, "मलेरिया तुला झालाय. मामाचं काय सांगतोस?"

त्यानं सॅल्यूट केला आणि गोळी गिळली. दुसऱ्या दिवशीही गिळली. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सिंग असिस्टंट काचेची बाटली घेऊन माझ्याकडे आला. बाटलीत त्या पोराची लघवी होती, कोऱ्या चहाच्या रंगाची. पोरगा पांढराफटक पडलेला, डोळे पिवळे, कंबर दुखतेय, चार पावलं चाललं की धाप. आम्ही त्याला स्ट्रेचरवर घालून रस्त्यापर्यंत आणला, तिथून गाडीनं रुग्णालयात. पोहोचला तेव्हा हिमोग्लोबिन पाचावर आलं होतं. रक्त चढवलं. तो वाचला. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत ऐकाल.

दोन दिवसांनी मी त्याला बघायला गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडम माझ्याहून वरच्या हुद्द्याच्या होत्या. त्यांनी विचारलं, "गोळी सुरू करण्याआधी यानं काही सांगितलं होतं का?" मी क्षणभर गप्प राहिलो. मग मामाची गोष्ट सांगितली. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एक कोरा फॉर्म उलटा केला, त्यावर चार माणसांचं झाड काढलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे म्हणतात ना, भाचा मामावर गेला? इथे ते शब्दशः खरं आहे."

आज तुम्हाला तेच झाड समजावून सांगतो.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीत एक एन्झाइम असतं. त्याचं पूर्ण नाव ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज. तोंडात बसत नाही, म्हणून सगळे जी-६-पीडी म्हणतात. पेशीवर रासायनिक मारा झाला की तो परतवायला लागणारी रसद हे एन्झाइम तयार करतं. काही औषधं असा मारा करतात, प्रायमाक्विन त्यातलंच.

तांबडी पेशी म्हणजे दूरची चौकी समजा. जवान पाठवताना एकदाच रसद भरून दिली, पुन्हा पुरवठा होणार नाही. कारण तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही. अस्थिमज्जेतून निघताना मिळालेल्या साठ्यावर तिला जवळजवळ १२० दिवस काढायचे असतात. ज्याच्या जनुकात दोष आहे त्याच्या पेशीचा साठा मुळातच कमी, किंवा लवकर संपणारा. एरवी काही बिघडत नाही. तो पळतो, ओझं वाहतो, डोंगर चढतो. पण प्रायमाक्विन पोटात गेलं की जुन्या पेशी आधी फुटतात. त्यातलं हिमोग्लोबिन लघवीत उतरतं आणि लघवी काळपट होते. साधारण एक ते तीन दिवसांत.

आता मामाचा प्रश्न. या एन्झाइमचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स मिळतो तो फक्त आईकडून, वडील त्याला वाय देतात. आईकडे दोन एक्स असतात. एकात दोष असला तरी दुसरा बऱ्याच अंशी सांभाळून घेतो, त्यामुळे तिला बहुधा काही जाणवत नाही. आजीकडे असा एक सदोष एक्स होता. तो तिनं मुलाला दिला, म्हणजे मामाला, आणि मुलीलाही दिला, म्हणजे आईला. मामाला त्रास झाला. आईला झाला नाही. आईकडून तो माझ्या जवानाकडे आला. अशा आईच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. बाप मात्र हा दोष मुलाला देऊच शकत नाही, आपल्या सगळ्या मुलींना देतो.

म्हणजे त्या पोरानं मला सांगितलेली माहिती एखाद्या प्रयोगशाळेच्या अहवालाइतकी मोलाची होती. चुलत्याला त्रास झाला होता असं तो म्हणाला असता तर त्याचा इतका अर्थ निघाला नसता. तो मामा म्हणाला होता. आणि मी त्याला विचारलं, मामाचं काय सांगतोस.

या शोधाचा इतिहासही सैन्याशी बांधलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात मलेरियानं फौजा बेजार झाल्या होत्या. अमेरिकेनं १९४४ पासून इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर मलेरियाच्या औषधांचे प्रयोग सुरू केले. कैद्याची संमती कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न त्या प्रयोगांना आजही चिकटलेला आहे आणि तो चिकटलेलाच राहावा. शिकागो विद्यापीठाचे आल्फ आल्विंग या कामाचे प्रमुख होते. पुढे कोरियाच्या युद्धातून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांना जहाजावरच चौदा दिवस प्रायमाक्विन दिलं गेलं, म्हणजे घरी गेल्यावर मलेरिया उलटू नये.

त्या प्रयोगांत दिसलं की काहींचं रक्त या औषधानं फुटतं, विशेषतः आफ्रिकन वंशाच्या काही लोकांचं. दोष औषधाचा, माणसाच्या शरीराचा, की रक्तपेशीचा? १९५४ मध्ये याचं उत्तर फार सरळ पद्धतीनं मिळालं. त्रास होणाऱ्या माणसाच्या पेशींवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या निरोगी माणसाला दिल्या आणि मग त्याला प्रायमाक्विन दिलं. त्याच्या स्वतःच्या पेशी टिकल्या, पाहुण्या पेशी फुटल्या. उलटही करून पाहिलं. निरोगी पेशी त्रास होणाऱ्याच्या शरीरातही टिकल्या. म्हणजे दोष पेशीच्या आत होता. १९५६ मध्ये तो दोष म्हणजे जी-६-पीडीची कमतरता, हे सिद्ध झालं. पुढच्याच वर्षी आर्नो मोटुल्स्की यांनी लिहिलं की औषधाची विपरीत प्रतिक्रिया हा आनुवंशिकतेचा आरसा असू शकतो, अशा आशयाचं. १९५९ मध्ये फ्रीडरिक फोगेल यांनी या विद्याशाखेला फार्माकोजेनेटिक्स हे नाव दिलं. आज मोठमोठ्या रुग्णालयांत ज्या जनुकीय चाचण्या होतात, त्यांची एक मुळी या गोळीपर्यंत जाते.

आपल्या देशाकडे येऊ. जगात चाळीस कोटींहून अधिक लोकांत ही कमतरता आहे. भारतात काही समाजगटांत ती जवळजवळ नाही, काहींत बरीच आहे. पारशी समाजात, अनेक आदिवासी समाजांत तिचं प्रमाण जास्त आढळलं आहे. जनुकातले बदलही वेगवेगळे आहेत आणि त्यांना गावा-प्रांतांची नावं आहेत. मेडिटरेनियन आणि ओरिसा हे आपल्याकडचे दोन प्रमुख प्रकार. तिसऱ्याची गंमत अशी की, एक बदल सापडला त्याला 'केरळ' नाव दिलं, दुसरा सापडला त्याला आपल्या कल्याणचं नाव दिलं. नंतर जनुक वाचलं तर दोन्ही एकच निघाले. आता त्याला केरळ-कल्याण म्हणतात. मराठी आणि मल्याळी माणसाच्या रक्तातली एकच खूण.

यात लाजण्यासारखं काहीही नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथेच हा बदल जास्त आढळतो, कारण तो मलेरियापासून काही अंशी संरक्षण देतो असं दिसतं. आपल्या पूर्वजांना ज्यानं मलेरियातून तारलं, तेच मलेरियाच्या गोळीपुढे आपल्याला अडचणीत आणतं. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या जवानानं नंतर मला कबुली दिली. मामाची गोष्ट तो आणखी ठासून सांगू शकला असता, पण मेडिकल बोर्ड होईल, कॅटेगरी खाली जाईल, या भीतीनं तो एकदाच बोलला आणि गप्प बसला. घराघरांत हेच होतं. मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून आजार झाकतात, आणि त्याच्याबरोबर औषधाची माहितीही झाकली जाते.

प्रश्न एका गोळीपुरता नाही. आणखी दोन उदाहरणं देतो.

हैदराबाद, विजयवाडा, बेंगळुरू, चेन्नईकडून ऐकणाऱ्यांना आर्य वैश्य समाज परिचयाचा असेल. शस्त्रक्रियेआधी श्वासनलिकेत नळी घालताना स्नायू सैल करायला सक्सिनिलकोलिन नावाचं औषध देतात. बहुतेकांत त्याचा परिणाम काही मिनिटांत ओसरतो, कारण रक्तातलं एक एन्झाइम ते मोडून टाकतं. काही लोकांत ते एन्झाइम पुरेसं नसतं. आर्य वैश्य समाजात ही कमतरता इतरांपेक्षा जास्त आढळते. अशा माणसाचे स्नायू तासन्‌तास सैल राहतात, श्वास घेता येत नाही, औषध ओसरेपर्यंत व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. भूलतज्ज्ञाला आधी माहीत असेल तर तो दुसरं औषध वापरतो, प्रश्नच मिटतो. इथे मामाचा हिशेब लागू नाही. हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, म्हणून सख्ख्या भावंडांना विचारायचं. "ताईच्या ऑपरेशनच्या वेळी तिला शुद्धीवर यायला फार वेळ लागला होता" हे घरात गप्पांमध्ये सांगितलं जातं. भूलतज्ज्ञाला कोणी सांगत नाही.

दुसरं औषध कार्बामाझेपिन. अपस्मारासाठी देतात, चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या असह्य कळांसाठीही देतात. चांगलं औषध आहे. पण फार थोड्या लोकांत, बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांत, स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतो. ताप येतो, तोंडात-डोळ्यांत फोड येतात, कातडी सोलून निघते, जीवही जाऊ शकतो. तैवानच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये दाखवलं की हा त्रास झालेल्या ४४ च्या ४४ रुग्णांत एचएलए-बी १५:०२ ही जनुकीय खूण होती, आणि औषध नीट सोसलेल्या १०१ जणांत फक्त तिघांत. भारतात केलेल्या एका छोट्या अभ्यासात अशा ८ रुग्णांपैकी ६ जणांत ती सापडली. अमेरिकेच्या औषध नियामकानं २००७ मध्ये सांगितलं की आशियाई वंशाच्या रुग्णाला हे औषध सुरू करण्याआधी ही चाचणी करावी. अंगावर असा फोड-पुरळ आला तर "गरमी झाली" म्हणत घरी बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मात्र एक गोष्ट नीट लक्षात घ्या. औषधाचा प्रत्येक त्रास आनुवंशिक नसतो. मात्रा जास्त होते, मूत्रपिंड थकलेलं असतं, दोन औषधं एकमेकांशी भांडतात, रिकाम्या पोटी गोळी घेतल्यानं मळमळतं. म्हणून शेजाऱ्याला सोसली नाही म्हणून आपण गोळी सोडायची, असा अर्थ काढू नका. प्रायमाक्विन न घेता राहिलात तर मलेरिया उलटेल. जी-६-पीडी कमी असलेल्यांसाठीही मार्ग आहे. जागतिक आरोग्य संघटना त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, आठ आठवडे प्रायमाक्विन देण्याचा पर्याय सुचवते. तुम्ही माहिती द्यायची, निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा.

चाचणी साधी आहे, थोडं रक्त लागतं. पण त्यातही एक फसगत आहे, ती त्या मॅडमनी मला तेव्हाच सांगितली होती. रक्त फुटल्यावर लगेच तपासलं तर निकाल चांगला येऊ शकतो, कारण जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि उरलेल्या नव्या पेशींत साठा भरलेला असतो. रक्त चढवलं असेल तर दात्याच्या पेशीही मोजल्या जातात. म्हणून त्यांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं. तेव्हा कमतरता स्पष्ट दिसली. स्त्रियांच्या बाबतीतही साध्या चाचणीतून मध्यम कमतरता निसटू शकते.

कमतरता असेल तर डॉक्टरांकडून टाळायच्या औषधांची लेखी यादी घ्या. कुष्ठरोगावर देतात ते डॅप्सोन त्यात असतं. घरात बाळ असेल तर नॅफ्थलिनच्या डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी त्याला थेट गुंडाळू नका, त्या वासानंही अशा बाळाचं रक्त फुटू शकतं आणि कावीळ वाढते.

आता माझं म्हणणं. सैन्यात प्रत्येकाच्या गळ्यात ओळखीची चकती असते, तिच्यावर रक्तगट असतो. जखमी माणूस बोलू शकला नाही तरी चकती बोलते. नागरी आयुष्यात आपण ती चकती कागदावर करू शकतो. पाकिटात मावेल एवढं कार्ड. त्यावर औषधाचं मूळ नाव लिहा, कंपनीचं नाव पुरणार नाही, आणि "ती लाल गोळी" तर मुळीच चालणार नाही. कितव्या दिवशी काय झालं ते लिहा. आणि घरात आणखी कोणाला, कोणत्या नात्यातल्या, तसं झालं होतं तेही लिहा. सोयरीक जुळवताना आपण मामाचं कूळ विचारतो. मामाला कोणती गोळी सोसली नाही, हेही एकदा विचारून ठेवा. फोन करायला दोन मिनिटं लागतात.

त्रास झाला तर तो नोंदवाही. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम चालतो. गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन तो चालवतं. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा निःशुल्क क्रमांक. डॉक्टरच हवा असं नाही, रुग्ण किंवा नातेवाईकही नोंद करू शकतात.

तो जवान बरा झाला, पलटणीत परतला, पूर्ण नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झाला. काही वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. बहिणीला मुलगा झाला होता. बाळंतपणाआधीच त्यानं बहिणीबरोबर जाऊन डॉक्टरांना स्वतःचं कार्ड दाखवलं होतं. बाळाची तपासणी झाली, कमतरता निघाली, कावीळ वाढायच्या आत उपचार झाले. म्हणाला, "साहेब, आता मी मामा हाओ ना. सांगाले पाह्यजेन."

त्याच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मी ऐकलं नव्हतं. तुमच्यात कोणी डॉक्टर असतील, शिक्षक असतील, हाताखाली माणसं असलेले अधिकारी असतील, त्यांना एवढीच विनंती. समोरचा "मला हे सोसत नाही" म्हणाला, तर हुकूम देण्याआधी आणखी एक प्रश्न विचारा. "घरात आणखी कोणाला?"

 जय हिंद.